अर्ध्या तासाची मांडी

गळाभेटीच्या दिवशी तुरुंगातल्या कैद्यांना आपल्या लेकरांना मांडीवर घेता यायचं. कैद्यांच्या घरच्यांना मदत करणाऱ्या संस्थेच्या ताई क्रांतीला आणि तिच्या सात वर्षांच्या लेकीला, ईश्वरीला, लोणंदहून घेऊन जायच्या. अर्धा तास ईश्वरी शाळेतलं सगळं सांगायची आणि तिचा बाप, शंभूराज, एकेक शब्द कान देऊन ऐकायचा.

गेल्या महिन्यात चार वर्षांची शिक्षा भोगून तो घरी आला. सुटून आलेल्या माणसाला समाजानं जवळ करावं, असं ताई नेहमी म्हणायच्या. चार वर्षांत ज्यांना तुरुंगाचा रस्ता सापडला नव्हता, त्या जिवलग मित्रांनी त्याला इतकं जवळ केलं, की क्रांतीला नवरा जेवायलासुद्धा दिसेना. दिसलाच, तर मोबाइलमध्ये मान घालून.

ईश्वरी जवळ गेली की म्हणायचा, "थांब की गं जरा! आता कुठं पळून जातोय व्हय मी?"

"क्रांते, त्याला काय बोलू नगंस," सासूबाई बजावायच्या. "लय भोगलंय माझ्या लेकानं."

काल वेणी घालून घेताना ईश्वरीनं आईला हळूच विचारलं,



"आई, पप्पा परत जेलात कवा जाणार?"