आठाच्या आधी

"थांबव. इथंच थांबव," उमाकांत म्हणाला, आणि भाच्याने, समीरने, मोबाईलवरचा व्हिडिओ थांबवला.

पडद्यावर त्याची मुलगी उर्वी रिंगच्या दोरांना टेकून उभी होती. हेल्मेट तिरकं झालेलं, गुडघे सैल पडलेले. समोर रेफरी बोटं दाखवत आकडे मोजत होता.

"पाह्य, पोरीची मान पाह्य. आंधळ्यालेही दिसते. अन् हा बाबा मोजते आठ आणि म्हणते, 'बॉक्स', लढा पुढं. इथं थांबवाले पाहिजे होतं का नाही?"

सुमंतने चहाचा कप खाली ठेवला. प्लांटात उमाकांतच्या जोडीने नोकरी केलेला, तरुणपणी एकाच बॉक्सिंग क्लबात त्याच्याबरोबर ठोसे खाल्लेला माणूस. लढतीच्या दिवशी तो रिंगच्या अगदी शेजारी बसला होता. उर्वीला दवाखान्यातून प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आणल्यापासून तो रोज संध्याकाळी यायचा, आणि रोज हाच व्हिडिओ याच जागी थांबायचा.

"उशीर झाला, मी कुठं नाही म्हणून राहिलो," सुमंत म्हणाला. "पण आठले तिनं हात वर केले. एक पाऊल समोर आली. मंग रेफरी काय करन?"

"हात वर केले म्हणजे शुद्धीवर होती काय?"

"मामा, उसके बाद किती पंच खाल्ले तिनं," समीर म्हणाला. "गिर गई, तब जाके रोका. कम्प्लेंट डालो आप. व्हिडिओ है ना अपने पास."

"टाकतोच. उद्याच टाकतो." उमाकांत सुमंतकडे वळला. "तू गवाही देशील ना?"

सुमंतने कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "देतो. पण मले विचारतील, आठले पोरीनं हात वर केले होते का? काय सांगू?"

आठला हात वर. हा धडा उमाकांतचाच. उर्वी शाळेत होती तेव्हापासून क्वार्टरच्या मागच्या अंगणात तो तिला दमवायचा, खाली बसवायचा आणि मोजायचा. डोळ्यांपुढं अंधारी आली तरी चालते, पण आठ ऐकला का मुठी वर. रेफरी हातच पाहते. पोरगी अशी काही तयार झाली, की एकदा तापाने फणफणली असताना त्याने गंमत म्हणून मोजलं, तर आठला पांघरुणातून दोन मुठी वर आल्या. ही गोष्ट त्याने साऱ्या सेक्टरला कौतुकाने सांगितली होती. सुमंतने ती कितीदा तरी ऐकली होती.

आतल्या खोलीतून वासंतीचा आवाज येत होता. "पाच. हं, गीळ बाई. आता सहा." मेंदूच्या ऑपरेशननंतर उर्वीला घास तोंडात आहे याचं भान राहत नसे. आईने मोजलं की मात्र ती लहान मुलासारखी तोंड उघडायची. उमाकांत जेवणाच्या वेळी त्या खोलीत पाऊल टाकत नसे. त्याला पाहवायचं नाही.

"अहो, जरा इकडं बसता का?" वासंतीने हाक मारली. "दूध ठेवलं होतं, उतू जाऊन राहिलं वाटते."

तो नाइलाजाने उठला. वासंतीने खिचडीची वाटी त्याच्या हातात दिली आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता काहीतरी बजावलं. पण उमाकांत तेवढ्यात बाहेरच्या खोलीकडे तोंड करून सुमंतला सांगत होता, "उद्या सकाळी येजो. सोबतच जाऊ."

उर्वी उशांना टेकून भिंतीकडे पाहत होती. डोक्यावर नुकते केस फुटत होते, त्यांतून टाक्यांची रेघ दिसत होती. उमाकांतने चमचा भरला.

"एक," तो म्हणाला.

तिने तोंड उघडलं. त्याला आश्चर्य वाटलं. दोन झाले, तीन झाले. पोर त्याच्या हातून खात होती. इतक्या दिवसांत त्याच्या जिवाला एवढं बरं वाटलं नव्हतं. आपण उगाच भीत होतो, असंही त्याला वाटून गेलं. सातव्या घासाला खिचडी हनुवटीवर ओघळली, ती त्याने आपल्या बाहीने पुसली.

"आठ."

उर्वीच्या मुठी वर आल्या. डावी सरळ गालापाशी गेली. उजवी अर्ध्यावर अडकली आणि तिथंच थरथरत राहिली. हनुवटी छातीकडे झुकली. चादरीखाली एक पाय हळूच पुढे सरकला. घरी आल्यापासून पहिल्यांदाच तिने बापाच्या डोळ्यांत सरळ पाहिलं, आणि ती वाट पाहत राहिली.

सुमंत दारात येऊन उभा होता. त्याने मान फिरवली.

"खाली घे बेटा," उमाकांत म्हणाला. "हात खाली घे. झालं."

हात खाली आले नाहीत. उजवी मूठ आणखी वर यायला धडपडत होती.

वासंती पदराला हात पुसत आली. तिने मुलीच्या दोन्ही मुठी आपल्या हातांत घेतल्या आणि सावकाश तिच्या मांडीवर टेकवल्या. मग उमाकांतच्या हातातून चमचा काढून घेतला.

"सांगून गेली होती ना तुमाले," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी सातवरच थांबते."