उघडा कोपरा

“आत्या, पदर नीट घे, तू हॉलंडमध्ये दिसतेयस!” किर्तीने फोन शिलाई मशीनला टेकवून उभा केला आणि मागे सरकली.

नारीशेठच्या जीन्सच्या कारखान्यातली सगळी मशीनं आज बंद होती. असं एरवी दिवाळीलाच होतं. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली अर्धी गल्ली आत घुसली होती आणि प्रत्येकाला पुढेच उभं राहायचं होतं. फोनमध्ये तिकडच्या संग्रहालयाची एक पांढरीशुभ्र भिंत दिसत होती आणि भिंतीवर, एकटीच, कौसाआत्याची गोधडी. गडद निळी, विटकी निळी, जवळजवळ काळी, आणि मध्येच कुठेतरी एक खिसा.

“अरे साईं, ये तो अपनी कतरन है!” नारीशेठ ओरडले. “मैं बोरी भर-भर के फेंकता था!”

“तुम्ही फेकलीत म्हणून तर मी वेचली,” आत्या म्हणाली.

पँटींचे धागे कापून कापून आत्याची बोटं वाकडी झाली होती. गल्लीत तिला सगळे चिंधीवाली म्हणायचे. घरात बोचक्यांना जागा नाही म्हणून किर्तीचे पप्पा रोज कटकट करायचे, सख्खा भाऊ असून. तेच पप्पा आज इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यात पुढे! हॉलंडहून कारखाना बघायला आलेल्या आनेलीसबाईंनी कठड्यावर वाळत घातलेली गोधडी बघितली काय, आणि आपल्या संग्रहालयासाठी नवीन शिवून मागितली काय. किर्तीला तर अजून खरंच वाटत नव्हतं.

आनेलीसने फोन भिंतीवरच्या पाटीजवळ नेला. किर्तीने शाळेत भाषण करावं तसं वाचलं, “कौसाबाई, उल्हासनगर, इंडिया!”

टाळ्या, शिट्ट्या. किर्ती मात्र पुढच्या ओळीवर अडकली.

“पुढे काय लिहिलंय?” आत्याने विचारलं.

“काही नाही गं.”

“किर्ते.”

“...अपूर्ण. म्हणजे, अर्धवट राहिलेली.”

टाळ्या थांबल्या. आनेलीसने कौतुकाने कोपरा जवळून दाखवला. वीतभर कड शिवायचीच राहिली होती, आतले थर दिसत होते.

“काय गं ताई,” पप्पा पुटपुटले, “एवढ्या लांब पाठवायची आणि बघून तरी पाठवायची ना. आता हसतील आपल्याला.”

किर्ती घाईघाईने इंग्रजीत सुरू झाली, सॉरी मॅडम, आत्याचं वय झालंय, तिला नीट दिसत नाही...

“सॉरी कशाला म्हणतेस?” एवढं इंग्रजी आत्याला कळत होतं. “तिला विचार, सुई कुठाय? दोरा ओवून कोपऱ्यात खोचून पाठवली होती मी.”

आनेलीस कुठेतरी गेली आणि एक छोटी डबी घेऊन आली. आत तीच सुई होती. चुकून राहिली असेल, परत पाठवू, म्हणून त्यांनी ती जपून ठेवली होती.

“चुकून?” आत्या सरळ होऊन बसली. “सांग तिला. आमच्याकडे शेवटचा कोपरा शिवणारीने शिवायचा नसतो. जो पहिल्यांदा अंगावर घेईल, त्याने शिवायचा. तोवर गोधडी कुणाचीच नसते. माझं काम पुरं झालंय म्हणावं. तुमचं राहिलंय.”

आतापर्यंत किर्ती प्रत्येक वाक्याला स्वतःचं तिखटमीठ लावत होती. या वेळी तिने पदरचं काही घातलं नाही. शेवटचं वाक्य तर तिने असं म्हटलं की पार मागे उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेलं.

तिकडे कुजबुज सुरू झाली. कोटातला एक माणूस सारखी मान हलवत होता. भिंतीवरच्या वस्तूला हात लावायचा नसतो म्हणे.

“झालं,” पप्पा म्हणाले. “आता परत पाठवतात बघ.”

आत्याने किर्तीचा हात घट्ट धरला.

आनेलीसने फोन कुणाच्या तरी हातात दिला. हातमोजे काढले. गोधडी भिंतीवरून उतरवली, दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतली आणि तशीच, एवढ्या लोकांसमोर, जमिनीवर मांडी घालून बसली. पहिल्याच टाक्याला तिने बोटाला सुई टोचून घेतली आणि हसली. मागे कोटवाला भिंतीवरची ‘अपूर्ण’ लिहिलेली पाटी काढत होता.

कोणीतरी मशीन चालू करायला गेलं, तर नारीशेठ खेकसले, “रुक ना, बाई शिवतेय!”

“आत्या, टाके बघ केवढे लांब घालतेय ती!”

“घालू दे. तिचे आहेत.” आत्या फोनला नाक लागेल इतकी जवळ सरकली होती. तिकडे दोरा ओढला जाई, तसा इकडे तिचा वाकडा हात हवेतल्या हवेत वर जाई. “फक्त गाठ आतून मार म्हणावं.”