मागे न बघण्याची अट

“एवढा अंधार कशाला रंगवलास? माणसं दिसायला नकोत?” अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, चित्रांशी संबंध कॅलेंडरापुरता. तरी प्रदर्शनाला मी त्यांना मुद्दामच बोलावलं नव्हतं, कारण या चित्रातल्या बाईला मी आईचा चेहरा दिला होता. आज ते आपणहून आले आणि नेमके त्याच चित्रापुढे थांबले. निळ्या अंधारात वीणा घेतलेला, मान वळवलेला एक माणूस. त्याच्या मागे धुरासारखी विरत चाललेली बाई, तिच्या पायाशी अफूची लाल फुलं.

“नाक अगदी तिचंच आलंय,” ते म्हणाले. “पण हा कोण?”

“ऑर्फियस. ग्रीक पुराणातला गवई. मेलेल्या बायकोला आणायला पाताळात गेला. देवांनी तिला सोडलं, पण अट घातली की बाहेर पडेपर्यंत मागे वळून बघायचं नाही.”

“आणि यानं बघितलं.”

“हो. म्हणून ती कायमची गेली.”

अण्णा चित्राच्या आणखी जवळ सरकले. मग म्हणाले, “स्मशानात मडकं फोडल्यावर भटजींनी मलाही हेच बजावलं होतं. मी नाही बघितलं गं. एकदाही नाही.”

“चला, चहा घेऊ,” म्हणून मी पुढे निघाले. अण्णा मागोमाग दारापर्यंत आले, तिथे थांबले, आणि मागे वळून चित्राकडे बघत उभे राहिले.