तांब्याचा मुलामा

अमडापूरजवळच्या एका शाळेत भालचंद्र सर दहावीला विद्युत अपघटन शिकवत होते. तपासणीला आलेल्या बाई मागच्या बाकावर बसलेल्या, म्हणून सरांना भलताच चेव चढला. बॅटरीच्या तारेला बांधलेला लोखंडी खिळा त्यांनी मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, निळ्या द्रावणात सोडला अन् विजेच्या किमयेवर बोलत सुटले. खिळा लालसर झाला. वर्गानं टाळ्या पिटल्या.

करिष्मा उठली. "सर, बटन तं बंदच हाये."

सरांनी पाहिलं. खरंच बंद होतं. बाई गालातल्या गालात हसल्या.

"मंग तांबं चढलं कसं, सर?" करिष्मानं विचारलं.

तिच्यावर खेकसावं असं क्षणभर वाटलं, पण सरांना स्वतःचंच हसू फुटलं.

"लोखंडानं अन् मोरचुदानं आपसातच उरकून घेतलं, पोरी. मी नुसतं भाषण देऊन राह्यलो होतो."