हालचाल

अक्षर टाइप केलं तरी ते पडद्यावर उमटायला वेळ लागत होता. आता तर सून अख्खी ओळ टाइप करून हात मांडीवर ठेवून बसायची, तेव्हा कुठे अक्षरं एकेक करून उगवायची. टेबलाखाली सीपीयूचा पंखा घों घों करत होता. छापखान्याला आज पानं लावून द्यायची होती आणि नेमकी आजच या यंत्रानं मान टाकली होती.

पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट कायम उघडी असायची. तीत खालची खोली दिसायची, खोलीतला पलंग, पलंगावर तिचे सासरे. पक्षाघातानं त्यांची डावी बाजू लुळी पडली होती. आवाज इतका खोल गेला होता की हाक दाराबाहेरही पोचत नसे. म्हणून दिरानंच कपाटावर कॅमेरा बसवून दिला होता. "वहिनी, तू वर बिनघोर काम कर. बाबा डोळ्यांसमोरच आहेत."

आत्ता ते झोपले होते. भिंतीकडे तोंड, पांघरूण खांद्यापर्यंत. सकाळपासून ती अधूनमधून त्या चौकटीकडे नजर टाकत होती. तीच पाठ, तेच पांघरूण. दर वेळी तिला बरं वाटलं होतं. निदान बाबा तरी आज शांत आहेत.

शेवटी वैतागून तिनं दिराला फोन लावला. तो दुसऱ्या गावात कॉम्प्युटर दुरुस्तीच करायचा.

"बंद करून चालू केलास का?"

"बंद कसा करू? पानं अर्धी झालीत, सेव्हसुद्धा होईनात."

"बरं, थांब. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. कोण किती खातंय ते कळेल."

तिनं दाबलं. बऱ्याच वेळानं पडद्यावर एक खिडकी उघडली.

"प्रोसेसर शंभर टक्के दाखवतोय," ती वाचत म्हणाली. "माझं पानांचं काम बिचारं खाली कुठेतरी पडलंय. सगळ्यात वर तुझा कॅमेराच आहे. सगळं तोच गिळतोय."

"कॅमेरा?" दीर हसला. "छे! अगं, तो प्रोग्राम एरवी पेंगत असतो. समोर काही हललं तरच जागा होतो आणि मग ते टिपत बसतो. खिडकी उघडी असेल, पडदा हलत असेल."

"खिडकी मी सकाळीच लावली."

"मग पंखा."

"तोही बंद आहे. बाबांना गार वाऱ्यानं कापरं भरतं."

"मांजर-बिंजर शिरलंय का बघ."

तिनं वाकून चौकटीत पाहिलं. पलंग. पांघरूण. पाठ.

"नाही रे. बाबा गाढ झोपलेत. खोलीत चिटपाखरू नाही."

 

"वहिनी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम वेगळा झाला. "चित्राच्या वरच्या बाजूला बारीक आकडे आहेत बघ. घड्याळ आहे ते. पुढे सरकतंय का?"

तिनं डोळे बारीक करून पाहिलं. आकडे जागच्या जागी थिजले होते. सकाळच्या गोळ्या देऊन ती वर आली, त्याच सुमाराचे. भिंतीवरचं घड्याळ मात्र पार जेवणवेळेला टेकलं होतं.

"सरकत नाहीयेत," ती म्हणाली.

"म्हणजे तुझ्याकडचं चित्र अडकलंय. कॅमेरा नाही अडकलेला." तो भरभर बोलू लागला. "खोलीत काहीतरी हलतंय, वहिनी. सारखं हलतंय. खाली जा. आधी खाली जा!"

 उठताना खुर्ची मागे पडली.  एका हातात फोन तसाच धरून, दुसऱ्यानं कठडा पकडत ती जिना उतरली. मनात नको नको ते येऊन गेलं. कुणी घरात शिरलं असेल. बाबा पांघरुणात गुदमरले असतील. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. तिनं दाराला कान लावला.

आतून कसलाच आवाज येत नव्हता.

तिनं दार ढकललं. पलंग रिकामा होता. पांघरूण अर्धं खाली लोंबत होतं. सासरे पलंगाच्या पायथ्याशी फरशीवर पडले होते, लुळा पाय अंगाखाली दुमडलेला, कपाळावरचं रक्त वाळून काळं पडलेलं. उजवा हात तेवढा वर होता. तो सावकाश इकडून तिकडे, तिकडून इकडे हलत होता. डोळे कपाटावरच्या कॅमेऱ्याला लागले होते. ती आत आल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"बाबा!"

फोन फरशीवर टाकून ती मटकन खाली बसली. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तो हात धरून खाली आणला. सुटला तसा तो पुन्हा वर गेला आणि हलायला लागला. तिनं तो दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून ठेवला.

"वहिनी, बाबा आहेत ना?" फोनमधून दीर ओरडत होता. "बोल ना काहीतरी!"

"आहेत," ती कशीबशी म्हणाली. "पडलेत रे. ॲम्ब्युलन्स बोलव, लगेच."

सासऱ्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ओळख पटायला थोडा वेळ लागला. मग त्यांचे ओठ हलले. ती खाली वाकली.

"आधी फार भ्यालो," ते तुटक तुटक म्हणाले. "मग म्हटलं, तू बघतेयस. हातातलं काम उरकलं की येशील."