मेणावरची धूळ

“काका, तुमच्या दुकानात मुलगी शिकायला चालेल का?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी विचारलं. त्या बाहेर सायकली धरून खिदळत होत्या. मुजावरकाकांनी उघड्या रेडिओतून मान वर काढली. “मुलगी चालेल. घाई चालणार नाही.”

चार महिन्यांनी, आज, त्यांनी मला जुन्या काळचा, व्हॉल्व्हचा अख्खा रेडिओ दुरुस्तीला दिला. त्यातले पुठ्ठ्याच्या नळीतले कंडेन्सर आता बनतच नाहीत. नवे मिळतात ते चिंचोक्याएवढे, पिवळेधमक. काका म्हणाले, “सहापैकी एक गेलाय, तो बदल. पण म्हातारीच्या तोंडात नवा दात दिसता कामा नये. मी ओळखला, तर उद्यापासून नुसती धूळ पुसायची!”

मी जुनी नळी गरम करून तिच्या तोंडांवरचं मेण वितळवलं, आतला कुजका गाभा ढकलून काढला, पिवळा चिंचोका आत बसवला आणि त्याच मेणाने दोन्ही तोंडं बंद केली. मेण फारच चकचकीत दिसायला लागलं, तेव्हा त्यावर शेल्फवरची धूळ चोळली.

काकांनी भिंग लावून सहाही कंडेन्सर निरखले आणि एकावर बोट ठेवलं. “हा नवा.”

“तो तर जुनाच आहे, काका!” मी ओरडलेच.

रेडिओ लावला, तर बातम्या खणखणीत ऐकू आल्या. काकांनी दुसरा रेडिओ माझ्यासमोर सरकवला.

घरी चपला काढायच्या आधीच मी सांगून टाकलं, “आई, बाबा, दहावीनंतर मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला जाणार. घाईत नाही बोलत, चार महिने शिकून बोलतेय.”