पांढरा पट्टा

पिल्लाला तोंडात धरून मोठी खार फांदीच्या टोकाला आली, अंग चोरून बसली, समोरचं अंतर डोळ्यांनी मापलं आणि परत ढोलीत गेली. सकाळपासून पाचव्यांदा.

समोर झाडच नव्हतं. ताजे खुंट होते आणि त्यांच्यामध्ये ओळीने लावलेली वीतभर रोपं. एक तोडलं की तीन लावायची, हा कंपनीचा नियम. एकरी एक पोकळ झाड राखायचं, हाही नियमच. ते निवडून त्यावर पांढरा पट्टा मारायचं काम खुणावाल्याचं. ढोलीत पिल्लं दिसली म्हणून त्याने हेच झाड राखलं होतं, आणि त्या दिवशी घरी बायकोला चारचारदा सांगितलं होतं. आता जवळचं दुसरं झाड दीडशे पावलांवर होतं. ही खार झाडावरून झाडावर जाते, जमिनीवर म्हणून उतरत नाही.

"दाजी, तुमची पाहुणी अजून गेली नाही वाटतं," करवत चालवणारा मेहुणा खुणावाल्याला म्हणाला.

"जाणार कुठे?"

मेहुण्याने करवत खुंटावर ठेवली. "राग मानू नका. पोकळ झाड कधीही अंगावर कोसळतं म्हणून आम्ही तेच आधी पाडतो. पट्टा नसता तर पहिल्या दिवशीच हिच्या झाडाला करवत लागली असती. हादऱ्यासरशी पिल्लं घेऊन पळाली असती बिचारी. तेव्हा शेजारी झाडं होती."

वीस वर्षं जंगलात काढलेल्या माणसाला हे सुचू नये, याची खुणावाल्याला लाज वाटली. पट्टा मारताना त्याने झाड तेवढं पाहिलं होतं.

तेवढ्यात तपासणीच्या बाई आल्या. त्यांनी रोपं मोजली, मग मान वर केली. "अरे वा, खारसुद्धा आहे."

"बाई, ती अडकलीय."

"अडकेल कशी? तिचं झाड तर तुम्ही वाचवलंत." बाईंनी मोबाईल काढला, दोन पावलं मागे सरल्या. "पट्टा जरा पुसट झालाय. फोटोआधी पुन्हा मारून घ्या."

मेहुण्याने रंगाचा डबा उघडून दिला. खुणावाल्याने ब्रश बुडवला. डोक्यावर नखांची खरखर फांदीच्या टोकापर्यंत गेली, थांबली, परत आली. वर न बघता तो बुंध्याभोवती फिरत पट्टा मारत राहिला.